खिंडीखालचं उकळतं पाणी

बेशेनालीकडं मुद्दाम असं कुणी येत नसे. गाडी उकळली की येत.

उंच डोंगरांतल्या सुसामीरच्या माळावरनं शहराकडं निघालेला रस्ता जिथं नाक वर करून मोठ्या खिंडीला लागतो, तिथं डाव्या अंगाला त्याचा राहायचा पत्र्याचा डबा होता. रस्त्याच्या कामावरचे मजूर राहायचे तेव्हाचा. काम संपलं, मजूर गेले, डब्याची चाकं कुणीतरी रातोरात काढून नेली, आणि मग बेशेनाली त्यात राहायला आला तो राहिलाच. डब्यामागं ओढा, ओढ्याला पत्र्याची पन्हळ. पाटीबिटी काही नाही. वर खिंडीच्या वळणांवर एखादी गाडी वाफा टाकायला लागली की ड्रायव्हर ती तशीच उताराला लावायचा, आणि गडगडत खाली आला की त्याला आधी ओढा दिसायचा, मग हा.

"उस्ता, बघा की हिला काय झालंय!"

"बोनेट उघड. पाण्याच्या झाकणाला हात लावशील तर भाजलेला हात माझ्याकडं दाखवायला आणू नगंस, त्यातलं मला कळत न्हाय."

एवढं बोलून तो चहाचं बघायचा. तापलेली गाडी गार व्हायला घटकाभर तरी जातेच, आणि आलेल्या माणसाला चहा-भाकरी न विचारता उभा ठेवायची तिकडं रीत नाही. ड्रायव्हर डब्याच्या पायरीवर बसायचा, भाकरी मोडून लोण्यात बुडवायचा, आणि बोलायचा. कुणाच्या पोरीचं लगीन, कुणाची म्हैस... म्हैस कुठली तिकडं, घोडी. कुणाची घोडी लांडग्यानं फाडली, कुणाचा भाऊ मॉस्कोत बर्फ झाडतो. बेशेनालीचा पोरगाही तिकडंच बर्फ झाडायला गेलेला, पण ते तो सांगायचा नाही, ऐकायचा. बायको जाऊन बरेच हिवाळे झाले होते. त्याच्या वाट्याला माणसं यायची ती अशी, गाडी गार होईस्तोवर. गाडी गार झाली की माणूसही उठायचा.

काम मात्र त्याचं चोख; उस्ता म्हणजे कसबी कारागीर, लोक तसं उगाच म्हणत नसत. सामूहिक शेतीच्या गॅरेजात ट्रॅक्टरखाली त्याची ज्वानी गेली होती, आणि नंतर परदेशातल्या जुन्या गाड्या यायला लागल्या, तेव्हा त्यांच्या वायरी त्यानं हातानं चाचपून पाठ केल्या. निम्म्या गाड्यांत त्याला एकच करामत दिसायची. पंखा लागेना झाला की लोक वायर तोडून सरळ आत एक बटण बसवायचे, घरातल्या दिव्याला असतं तसलं. चढ आला की बटण दाबायचं. मग बायको शेजारी बसून भांडायला लागली की बटण विसरायचं, आणि गाडी उकळायची.

"आरं, पंखा का लागत न्हाय ते बघ की आधी," तो म्हणायचा. "पोराला ऐकू येत न्हाय म्हणून तू त्याचा कान धरून चालतोस व्हय जल्मभर?"

रस्त्याच्या पल्याड, त्याच्या डब्यासमोर, उन्हाळाभर दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचं एक गोल घर उभं राहायचं. ते सायराकानचं. ती विधवा बाई दरसाल बर्फ वितळलं की आपल्या घोड्या घेऊन वर यायची, घोडीचं आंबवलेलं दूध आणि सुक्या ताकाचे खडे रस्त्यावर विकायची, आणि थंडी पडली की खाली जायची. दोघांचं बोलणं बहुतेक रस्त्याच्या दोन कडांवरून चालायचं. मधून ट्रक गेला की वाक्य तुटायचं, आणि ट्रक गेल्यावर दोघं ते परत जोडून घ्यायची.

"उस्ता, तुझा चहा पिऊन एक ड्रायव्हर माझ्याकडं तोंड धुवायला आला! म्हणला, इंजिनाचं तेल पाजलं!"

"तुझं दूध पिऊन तो घाटात तीनदा थांबला, ते न्हाय सांगितलं त्यानं!"

दोघांत काही असेल असं माळावर बोललं जायचं. काही नव्हतं. सकाळी तिच्या धुराड्यातनं धूर निघालेला बघितल्यावर मग हा आपली शेगडी पेटवायचा, एवढंच. हिवाळ्यात धूर दिसायचा नाही, तेव्हा शेगडी कधी पेटवावी तेच त्याला उमजत नसे.

त्या साली सप्टेंबर सरता सरता सायराकाननं घर मोडलं. नमदे आणि काठ्या ट्रकवर चढल्या. घोड्याही गेल्या, पण त्या खाली गेल्या नाहीत, माळावरच्याच एकाला विकल्या. ते बेशेनालीनं रस्त्याच्या अल्याड बसून बघितलं. घोड्या विकल्या म्हणजे ती आता परत वर यायची नाही हे त्याला कळलं, पण त्यानं विचारलं नाही.

तिला न्यायला जावई आला. कुबात त्याचं नाव. शहरात जुन्या जर्मन गाडीवर टॅक्सी चालवणारा, बोलका, उतावळा. सकाळी सासूला आणि तिची गाठोडी घेऊन तो निघाला, जाताना सायराकाननं काचेतनं हात केला, बेशेनालीनंही केला. आणि दुपारच्या आत गाडी वाफा टाकत, इंजिन बंद, परत खाली उतरत आली.

"उस्ता!" सायराकान उतरत म्हणाली. तिचे गुडघे अवघडले होते. "तुझं तोंड परत बघायचं माझ्या कपाळी हुतं बघ."

"माझ्या कपाळी काय कमी हाय व्हय? बस."

कुबात बोनेट उघडून उभा राहिला. तिकडं थोरल्या पुरुषाला आके म्हणतात, बाईला आपा. "आके, हे बघा. येतानाबी वर खिंडीतल्या बोगद्यापाशी हेच केलं. झऱ्याचं पाणी घालून कसाबसा आलो. शहरात कदी न्हाय उकळत! दिसभर गर्दीत उभी असती, पंखा कसा बराबर लागतो. आन् हितं चढाला लागलं की पंखा गप आन् पाणी भाईर."

"झाकण उघडत हुतास मधी मधी?"

"परत्येक वळणाला. पाणी घालायला नगं?"

बेशेनालीनं गाडी गार होऊ दिली. चहा झाला. मग त्यानं रबरी नळी मुठीत धरून दाबली, आणि झाकणाच्या कडेनं बारीक सुस्कारा निघाला. झाकणाच्या आतली रबरी चकती घासून गुळगुळीत झाली होती. त्यानं ते बघितलं आणि पुढं सरकला. एका गोष्टीवर थांबायचं नाही, सगळं बघायचं, अशी त्याची सवय.

पंख्याला त्यानं बॅटरीवरनं सरळ दोन वायरी दिल्या. पंखा घुमला. म्हणजे पंखा जिवंत. फ्यूज बघितला, शाबूत. पंख्याचा रिले, म्हणजे वीज जोडणारी डबी, काढून त्याजागी भोंग्याचा बसवून बघितला, फरक नाही. मग इंजिन चालू ठेवून त्यानं पाण्याच्या सेन्सरची पिन ओढून काढली. तापमान कळेना झालं की असल्या गाडीचा कॉम्प्युटर भितो आणि पंखा लावूनच टाकतो. पंखा भणभणत सुटला.

"म्हंजे वायरी चांगल्या," कुबात म्हणाला. "पंखा चांगला, रिले चांगला. ऱ्हायला कोण? सेन्सर! त्योच खोटं बोलतोय."

"बघू," बेशेनाली म्हणाला.

सेन्सर काढला. करंगळीएवढा पितळी तुकडा. बेशेनालीनं किटली शेगडीवर ठेवली आणि पाणी खळखळायला लागल्यावर सेन्सर तारेला बांधून आत सोडला, त्याच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या. कुबातच्या फोनात मित्रानं पाठवलेला तक्ता होता, इतक्या उष्णतेला इतका आकडा. ह्या सेन्सरची रीत उलटी असते. ऊब वाढेल तसा आकडा उतरतो. तक्त्यात शंभर अंशाला जो आकडा होता, त्याच्यापेक्षा मीटरवरचा आकडा चढा निघाला. चांगलाच चढा.

कुबातनं मांडीवर थाप मारली. "धरला चोर! पाणी समोर उकळतंय, म्हंजे शंभर. आन् हा म्हणतोय, न्हाय, एवढं न्हाय तापलं. म्हणून पंख्याला हुकूमच जात न्हाय. बरोबर का न्हाय, आके?"

बेशेनाली मीटरकडं बघत होता. तोंडात शब्द आला होता. बरोबर नव्हतं. ह्या माळावर हवा विरळ, पाणी शंभराला पोचतच नाही. त्याच्या कितीतरी आधीच उकळतं. सेन्सर अगदी खरं तेच सांगत होता. खिंडीत तर आणखी आधी. आणि झाकण ढिलं असल्यामुळं आत वाफ दाबून राहात नव्हती, रेडिएटरातलं पाणी उघड्या पातेल्यागत उकळत होतं, पंचाण्णवला लागणारा पंखा जागा व्हायच्या आधीच. शहर खाली, तिथं पाणी एवढ्यात उकळत नाही, म्हणून तिथं पंखा लागत होता. सगळं त्याला दिसलं. झाकण बदललं असतं, साध्या पाण्याऐवजी नीट कूलंट भरलं असतं, तर दिवस मावळायच्या आत गाडी शहरात असती.

त्यानं सायराकानकडं बघितलं. ती पायरीवर बसून गुडघे चोळत होती. समोर रस्त्यापल्याड, तिचं घर असायचं तिथं, नुसता माळ होता.

"सेन्सर मिळंल शहरात," बेशेनाली म्हणाला. खोटं बोलला नाही. सेन्सर शहरात मिळतोच.

कुबात टेकाडावर चढला, तिथंच फोन लागायचा. ओरडून ओरडून बोलला आणि उतरून आला. "मित्र घेतोय. उद्या दुपारच्याला टॅक्सीत पाठवतो म्हणला. न्हायतर परवा."

"परवा?" सायराकाननं मान वर केली. "परवा माझ्या पोरीला, जिपारला, कामावर हजर व्हायचंय. मी पोचले न्हाय तर लेकरू कुणाकडं टाकंल ती?"

"मग काय करू, आपा? खांद्यावर नेऊ तुमाला खिंडीतनं?"

"तुझ्या खांद्यावर? त्यापरीस मी गाढव भाड्यानं घेते."

बेशेनाली गप उठला आणि त्यानं गाडीतलं पाणी खालची नळी सोडून सगळं काढून टाकलं. आता रात्री ओढ्याच्या कडेला बर्फ धरायला लागलं होतं. साधं पाणी इंजिनात राहिलं तर चीर जायची. ते काम त्यानं फार काळजीनं केलं.

संध्याकाळी डब्यात शेगडी पेटली आणि सायराकाननं आपल्या गाठोड्यातलं मेंढीचं मटण काढून शिजत टाकलं. बेशेनालीच्या डब्यात बाईमाणूस रांधतंय हे बऱ्याच दिवसांनी. त्यानं ताटल्या दोनदा पुसल्या. कुबात भुकेनं चुळबुळत होता.

"आपा, उकळून किती येळ झाला! दगुड शिजला असता."

"उकळतंय तर उकळंना. हितं पाणी उकळायला लई घाई करतं आन् शिजवायला आळस. शहरात तुझी बायकू एका चहात मटण शिजवती, हितं दोन चहा प्यावं लागतात. पी अजून एक."

बेशेनालीनं त्याच्यापुढं पेला सरकवला, आणि वर बघितलं नाही.

जेवताना ती बोलत राहिली. गुडघे चालत नाहीत. घोड्या गेल्या ते बरं झालं, पैदाशीच्या होत्या, चांगल्या माणसाकडं गेल्या. शहरात जिपारचं घर चौथ्या माळ्यावर. खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी दिसते, त्या खिडकीत एक म्हातारा दिवसभर बनियनवर बसलेला असतो.

"फुडल्या साली कोण लावतंय घर हितं?" बेशेनालीनं विचारलं. आवाज सहज ठेवला होता.

"कोण लावतंय! पोरांना रस्त्याकडंला बसून दूध विकायची लाज वाटती. कोण न्हाय."

"हं," तो म्हणाला.

तिला त्यानं आपली झोपायची फळी दिली, कुबात जमिनीवर आडवा झाला, आणि तो स्वतः मेंढीचं कातडं घेऊन गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन झोपला.

सकाळी धूर निघाला तो त्याच्याच डब्यातनं. सायराकान उठून शेगडी पेटवून बसली होती. बेशेनाली गाडीतनं उतरला, ओढ्यावर गेला, आणि दाढी करून आला. दाढी तो कुणाच्या मयताला जायचं असलं तरच करायचा. येताना तो काहीतरी गुणगुणत होता. सायराकाननं दारातनं त्याच्याकडं निरखून बघितलं. कुबात टेकाडावर फोन करायला गेलेला होता.

"लई खुशीत दिसतोयस."

"थंडी पडली. थंडीत बरं वाटतं मला."

"तुला? थंडीत तू लांडग्यागत बसलेला असतोस, असं ड्रायव्हर सांगत्यात." ती किटली उतरवून त्याच्यापुढं बसली. "उस्ता, एक सांग. काल जावई म्हणला, पाणी उकळतंय म्हंजे शंभर. तू काय म्हणला न्हाईस."

"मी काय म्हणू?"

"मला लिव्हता वाचता फारसं येत न्हाय. पण हितलं पाणी शहरातल्या पाण्याएवढं तापत न्हाय, हे मी मटणावरनं सांगू शकते. एवढे उन्हाळे माझ्या हातचं मटण तू खाल्लंस. तुला न्हाय ठावं?"

बेशेनालीनं पेला हातात फिरवला.

"सेन्सर चांगला हाय," तो म्हणाला.

"मंग बिघडलंय काय?"

"झाकण. चकती गेली त्याची. आन् पाणी झऱ्याचं."

"किती येळचं काम?"

"चहा पिऊन हुईस्तवरचं."

 बाहेर एक ट्रक खिंडीकडं कण्हत गेला. दोघं सवयीनं तो जाईपर्यंत थांबली.

"जिपार उद्या कामावर गेली न्हाय तर दुसरी बाई उभी हाय तिच्या जागी," ती म्हणाली. "हे काल मी तुझ्यादेखत बोलले."

"ऐकलं हुतं."

"ऐकून गप बसलास."

"व्हय."

"कशापायी?"

त्यानं रस्त्यापल्याडच्या माळाकडं बघितलं. तेवढं उत्तर तिला पुरलं असावं. तिचा चेहरा काही मऊ झाला नाही. "मला विचारायचं हुतंस," ती म्हणाली. "सायराकान, दोन दीस थांब, असं तोंडानं म्हणायचं."

"थांबली असतीस?"

"न्हाय. पण तू विचारलं असतंस आन् मी न्हाय म्हणले असते. माणूस माणसाला न्हाय म्हणतंय, त्यात काय हुतंय? गाडीच्या आडून कशाला धरायचं कुणाला?"

"चुकलं," बेशेनाली म्हणाला.

"चुकलंच. ऊठ, झाकण बघ."

फळीखालच्या पेटीत त्याच्याकडं मोडीत गेलेल्या गाड्यांची झाकणं होती. दोन बसली नाहीत, तिसरं बसलं. त्याची चकती त्यानं अंगठ्यानं दाबून बघितली, ग्रीस लावलं. सेन्सर होता तिथं परत बसवला, पिन खटकन आत गेली. स्वतःच्या जुन्या जीपसाठी हिवाळ्याला ठेवलेला हिरव्या कूलंटचा कॅन त्यानं आणला आणि अख्खा ओतला. वरची नळी दाबून दाबून आत अडकलेली हवा काढली.

कुबात टेकाडावरनं उतरला तेव्हा बेशेनाली हात पुसत होता.

"काय केलंत, आके? सेन्सर तर यायचाय अजून."

"सेन्सर ठीक हाय. हितं पाणी नव्वदीच्या आसपासच उकळतं, म्हणून आकडा चढा दाखवला त्यानं. झाकण ढिलं हुतं, पंखा लागायच्या आधीच पाणी भाईर पडायचं. आता वाफ आत दाबून राहील. पंखा लागंल."

कुबातनं झाकणाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "हे काल न्हाय दिसलं?"

सायराकान गाठोड्याची गाठ आवळत होती. तिनं मान वर केली नाही. त्याच्या बाजूनं बोलायचा तिचा विचार दिसत नव्हता.

"दिसलं हुतं," बेशेनाली म्हणाला.

"आन्?"

"बोललो न्हाय."

 कुबात खाली थुंकला. "दोन दिसाची भाडी बुडाली माझी. मित्राला सेन्सरपायी बाजारभर पळवला. काय माणसं असत्यात..." पुढं तो आपल्या भाषेतली सगळ्यात सौम्य शिवी देऊन थांबला, म्हाताऱ्याला ह्याहून जास्त देता येत नाही म्हणून. टेकाडावर परत चढायचा त्याला कंटाळा आला होता. मित्राला फोन वाटेत करीन म्हणाला, आणि गाडीत जाऊन बसला.

इंजिन सुरू करून गाडी तिघांनी उभ्या जागी तापवली. काटा वर चढत गेला, अर्ध्याच्या जरा पुढं सरकला. कुबात बटण शोधावं तसा उगाच डॅशबोर्डवर बोटं वाजवत होता. मग आत कुठंतरी टिक् झालं आणि पंखा फिरायला लागला. काटा थबकला, हळूहळू मागं आला, पंखा आपला आपण बंद झाला. परत तापली, परत लागला. बेशेनालीनं बोनेट आपटून लावलं.

सायराकान पुढच्या सीटवर बसली. काच खाली होती.

"येते," ती म्हणाली.

"ये."

बस्स. गाडी निघाली. बेशेनाली रस्त्याच्या कडेला उभा राहून वळणं बघत राहिला. पहिल्या वळणावर गाडी दिसली, दुसऱ्यावर दिसली, कड्याच्या आड जाऊन तिसऱ्यावर लहानशी दिसली. वाफ कुठं दिसली नाही. बोगद्याच्या अलीकडं जिथं सगळ्या गाड्या उकळतात तिथपर्यंत डोळे पोचत नव्हते, पण तिथं उकळली असती तर दुपारपर्यंत खाली आली असती. दुपारपर्यंत कुणी आलं नाही.

त्या आठवड्यात बर्फ पडलं. मग आणखी पडलं. एके दिवशी एक कोळशाचा ट्रक उताराला वाफ टाकत आला. ड्रायव्हर अनोळखी, तरणा, टोपी कानावर ओढलेली. बेशेनालीनं नळी दाबून बघितली, पंख्याची वायर ओढून बघितली आणि पिनला धरलेला हिरवा गंज खरवडून काढला. पंखा लागला.

"झालं," तो म्हणाला. "अर्थिंगची वायर गंजली हुती. बाकी काय न्हाय. पण गार हुईस्तवर थांब जरा. चहा घेतोस? एकटाच हाय मी. तेवढंच बोलणं हुईल."

तो ड्रायव्हर गोंधळला. असं कुणी त्याला कधी सांगितलं नसावं. खिंडीकडं, मग आभाळाकडं त्यानं बघितलं.

"बर्फ वाढंल, आके. गेलेलं बरं. परत कदी येईन तवा."

"बरं," बेशेनाली म्हणाला. "हळू जा. काट्यावर नजर ठेव."

ट्रक गेला. जड होता, परत उकळतो की काय म्हणून दुसऱ्या वळणापर्यंत बेशेनाली बघत उभा राहिला. मग पाय गार पडले, आणि तो आत गेला.